आकाशदर्शनाला येण्याआधी

नाव नोंदवायला आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : दुर्बीण केवढी आहे? 8 इंची आरशाची आहे, चांगली आहे. पण सोलापूरहून विजापूर रोडने मंद्रूपच्या पुढे शेतात पोचलो की पहिला तासभर आम्ही तिचं झाकणही काढत नाही. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि मध्येच कुणी मोबाइल उजळला की सगळं पहिल्यापासून. तेवढ्या वेळात नुसत्या डोळ्यांनी आकाश ओळखायला शिका. घरच्या गच्चीवर तेच कामी येतं.

सोलापूरचा अक्षांश साधारण 17.7 उत्तर. म्हणून ध्रुव तारा इथून उत्तर क्षितिजाच्या वर सुमारे 18 अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली की ती अंदाजे 10 अंश झाकते, म्हणजे दोन मुठींना थोडं कमी. आता पाठ फिरवून दक्षिणेला बघा. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला तिथे जवळपास तेवढ्याच उंचीवर अगस्ती असतो. रात्रीच्या आकाशात सगळ्यांत तेजस्वी व्याध, त्याच्या खालोखाल हाच. दिल्लीत तो जेमतेम 9 अंश वर येतो, लंडनहून तर कधीच दिसत नाही. आपल्याला तो इतका छान मिळतो, आणि शहरातल्या कितीतरी लोकांनी तो एकदाही पाहिलेला नसतो, याची आम्हाला खरंच खंत वाटते.

अगस्तीसाठीच आम्ही शहराच्या दक्षिणेला जातो. नान्नजच्या बाजूला अंधार चांगला आहे, पण तिथून दक्षिणेला सोलापूरच्या दिव्यांचा उजेड आडवा येतो. शिवाय तो माळढोक पक्ष्यांचा माळ. तिथे रात्री गाड्या न्यायच्या नाहीत, हे आमचं पक्कं आहे.

मागच्या हिवाळ्यात शेताचे मालक आजोबा आमच्यात येऊन बसले. मृग दाखवल्यावर म्हणाले, ‘‘मृग तर जूनात लागतो की. मग ह्यो आत्ता कसा?’’ आम्ही जमिनीवर कंदील ठेवला. कंदील म्हणजे सूर्य, आम्ही म्हणजे पृथ्वी, आणि कंदिलापलीकडची बाभळ म्हणजे मृग. अलीकडे उभं राहिलं की कंदिलाच्या झगमगाटात बाभळ दिसेना. कंदिलाला वळसा घालून पलीकडे गेलो, कंदील पाठीशी आला, आणि बाभळ फांदी न् फांदी दिसायला लागली. 7-8 जूनला ‘मृग लागतो’ तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून मृग दिसत नाही. डिसेंबरात सूर्य विरुद्ध बाजूला जातो आणि मृग रात्रभर आकाशात राहतो. आजोबांनी कंदिलाभोवती आणखी दोन फेऱ्या मारल्या.

दुर्बिणीतून काय दिसतं, हे आधीच स्पष्ट सांगतो. फोटोंतले गुलाबी-निळे रंग दिसणार नाहीत, कारण इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. मृगाच्या पट्ट्याखालचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, राखाडी धुरासारखा दिसतो, मधोमध चार बारीक तारे. तो सुमारे 1,300 प्रकाशवर्षं दूर आहे. तुमच्या डोळ्यात शिरणारा उजेड तिथून निघाला, तेव्हा बाराव्या शतकातल्या आपल्या संत सिद्धरामेश्वरांच्या जन्माला अजून चारएकशे वर्षं होती. शनीची कडी 2025 मध्ये आपल्याकडे कड करून आल्यामुळे रेघेएवढी झाली होती. पुढची काही वर्षं ती पुन्हा उघडत जाईल. चंद्र बघायचा तर पौर्णिमा नको, शुद्ध अष्टमीच्या आसपास या. तेव्हा सावल्या लांब पडतात आणि विवरं उठून दिसतात. ताऱ्यांसाठी अमावास्येजवळचा शनिवार घ्या.

एका दुर्बिणीमागे 15 जणच घेतो. जवळचा किंवा लांबचा साधा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, फोकस जुळवून देऊ. सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा राहू द्या. बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावून आणा. ढग असले तर दुपारी 4 वाजता कळवतो आणि पैसे परत देतो. जून ते सप्टेंबर कार्यक्रम नसतात.

दोघांत एक चादर आणाच. आडवं पडून बघितलं की मान अवघडत नाही, आणि दहानंतर तीच पांघरायला होते.