मॉरिशस : निसर्ग व नगरदर्शन

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस असलेले मॉरिशस हे ज्वालामुखीजन्य बेट प्रवाळभित्तीच्या आतल्या उथळ, शांत समुद्रासाठी प्रसिद्ध आहे. अनेक पर्यटक अख्खी सुटी किनाऱ्यावरच काढतात आणि बेटाच्या उत्तम भागाला मुकतात. बेट जेमतेम ६५ किमी. लांब व ४५ किमी. रुंद असल्याने सकाळी राजधानी आणि दुपारी डोंगरातले जंगल एका दिवसात पाहता येते.

राजधानी पोर्ट लुई वायव्य किनाऱ्यावर आहे. १७३५ मध्ये आलेला फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने या बंदराची उभारणी केली. मध्यवर्ती बाजार, जामा मशीद, चिनी वस्ती व १८१२ पासूनचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान पायीच पाहावे. वाटेत गाड्यांवर दालपुरी मिळते. डाळीचे सारण भरलेल्या या मऊ, पातळ पोळीवर वालाचा रस्सा व चटणी घालून, ती गुंडाळून कागदात देतात.

शहरातली सर्वांत महत्त्वाची जागा मात्र बंदराकाठचा आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आलेल्या मजुरांना उतरवून घेण्याचा जुना तळ. गुलामगिरी बंद होत असताना उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर आणले गेले; १९२० पर्यंत ही संख्या पाच लाखांच्या जवळ पोहोचली. आज मूळ तळाचा थोडाच भाग उरला आहे : दवाखान्याची इमारत, स्वयंपाकघरांचे अवशेष आणि बोटीतून उतरलेले मजूर जी चढून आत येत ती १६ दगडी पायऱ्यांची वाट. युनेस्कोने २००६ मध्ये घाटाला जागतिक वारसा दर्जा दिला. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले लोक बरेच होते. त्यांचे वंशज आजही मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. मराठी प्रवाशाने या पायऱ्यांपाशी घाई करू नये.

नैर्ऋत्येकडील ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये घोषित झाले. बेटावरचे मूळ जंगल ऊसशेतीने जवळजवळ संपवले. जे थोडे उरले त्याचा मोठा भाग येथे आहे. पायवाटांच्या कडेला लाल, आंबटगोड चिनी पेरू लगडलेले दिसतात. चवीला ते छान, पण हे बाहेरून आलेले झाड दाट वाढून मूळ एबनीच्या रोपांना उजेड मिळू देत नाही. मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा ससाणा १९७४ मध्ये निसर्गात फक्त चारच्या संख्येने माहीत होता. जंगलतोड आणि हिवतापाविरुद्ध फवारलेले डीडीटी ही त्यामागची मुख्य कारणे. घरट्यांतली अंडी काढून कृत्रिमरीत्या उबवणे व वाढवलेली पिल्ले पुन्हा रानात सोडणे या चिकाटीच्या कामामुळे तो वाचला. ज्या बेटाने डोडो हा पक्षी कायमचा गमावला तिथेच हे घडले, ही फार मोठी गोष्ट आहे.

जवळच शामारेलची सप्तरंगी माती आहे; बेसाल्ट हा ज्वालामुखीचा खडक झिजून उरलेल्या लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे तिला तांबड्या-जांभळ्या छटा आल्या आहेत. गंगा तलाव हे ज्वालामुखीच्या विवरातले सरोवर असून महाशिवरात्रीला भाविक कावडी घेऊन पायी येतात. फरारी गुलामांचे आश्रयस्थान असलेला ल मोर्न हा ५५६ मी. उंचीचा डोंगर २००८ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

मे ते नोव्हेंबर हा काळ थंड व कोरडा असल्याने भटकंतीस सोयीचा. जानेवारी ते मार्चमध्ये चक्रीवादळांची शक्यता अधिक असते. किनाऱ्यावर ऊन असले तरी मधल्या पठारावर केव्हाही पाऊस येतो, म्हणून रेनकोट जवळ ठेवावा.