जिनिव्हाचा महाप्रयोग आणि आपल्यापर्यंत न पोचलेलं उत्तर

१० सप्टेंबर २००८ ला जग बुडणार, अशी चर्चा त्या आठवड्यात आपल्याकडे घरोघरी होती. जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेखाली, सर्न या संशोधन संस्थेनं २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात बांधलेला लार्ज हेड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी, त्या दिवशी सुरू व्हायचा होता. प्रोटॉन एकमेकांवर आदळणार, त्यातून कृष्णविवर तयार होणार आणि ते पृथ्वीला आतून गिळत जाणार, असं काही वृत्तवाहिन्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मध्य प्रदेशातल्या एका शाळकरी मुलीनं या बातम्यांची धास्ती घेऊन जीव दिल्याचं वृत्त तेव्हा आलं. ते वाचल्यापासून एक गोष्ट मला सलते. तिच्या भीतीचं उत्तर तयार होतं. ते त्याच वर्षीच्या जूनमध्ये छापूनही झालं होतं. तिच्या घरापर्यंत मात्र ते गेलं नाही.

मुळात त्या दिवशी टक्कर व्हायचीच नव्हती. प्रोटॉनचा झोत बोगद्यात सोडायचा आणि तो पूर्ण फेरी मारतो का हे पाहायचं, एवढाच बेत होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर दोन ठिपके उमटले. एक झोत आत शिरल्याचा, दुसरा तो फेरी पुरी करून परतल्याचा. प्रकल्पप्रमुख लिन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. झोतातल्या प्रत्येक प्रोटॉनची ऊर्जा होती ४५० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. एवढ्या ऊर्जेचे प्रोटॉन सर्नच्या एसपीएस या जुन्या यंत्रात वर्षानुवर्षं फिरत होते आणि नव्या बोगद्यात ते तिथूनच आले होते. एलएचसीतली पहिली टक्कर झाली ती २३ नोव्हेंबर २००९ ला, सव्वा वर्षानं. ज्या दिवसासाठी माणसं घाबरली, त्या दिवशी भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं नवं काहीच घडणार नव्हतं. एवढं एक वाक्य जरी बातमीत असतं तरी किती फरक पडला असता.

पण ‘आज टक्कर नाही’ हे काही खरं उत्तर नव्हे. टक्कर उद्या होणारच होती, आणि घाबरलेल्या माणसाला तिच्याबद्दलच विचारायचं होतं.

एलएचसीतल्या दोन प्रोटॉनच्या टकरीसाठी ठरवलेली कमाल ऊर्जा होती १४ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (एक टेरा म्हणजे हजार गिगा). उडणाऱ्या एका डासाच्या अंगात साधारण एक टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जा असते, म्हणजे इथे चौदा डासांची. ही ऊर्जा प्रोटॉनपेक्षाही लहान जागेत एकवटते, म्हणून तिला महत्त्व. आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार, आपल्याला माहीत असलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या बळावर, एवढ्याशा ऊर्जेतून कृष्णविवर घडतच नाही. त्यासाठी सुमारे हजार लाख कोटी पट जास्त ऊर्जा लागेल. मग ही कल्पना आली कुठून? १९९८ च्या सुमारास काही सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं होतं, की अवकाशाला आपल्याला न दिसणाऱ्या आणखी मिती असतील तर अतिसूक्ष्म अंतरावर गुरुत्वाकर्षण खूप बलवान होऊ शकतं. तसं असेल तर एलएचसीत अतिसूक्ष्म कृष्णविवरं तयार होतील आणि हॉकिंग प्रारणामुळे, म्हणजे स्वतःची ऊर्जा बाहेर टाकत जाऊन, क्षणार्धात विरून जातील. शास्त्रज्ञांना ही आशा वाटत होती. नव्या मितींचा पुरावाच हाती लागला असता. तेच वाक्य बाहेर पडताना ‘विरून जातील’ हा तुकडा गळला आणि आशेची भीती झाली.

इथे एक रास्त शंका येते, आणि ती विचारणाऱ्याला वेड्यात काढणं मला कधीच पटलेलं नाही. हॉकिंग प्रारण आजवर कुणी प्रत्यक्ष मोजलेलं नाही. ते नसलंच तर? सर्नच्या सुरक्षा मूल्यमापन गटानं जून २००८ च्या अहवालात नेमका हाच प्रश्न घेतला होता आणि उत्तर आकाशात शोधलं होतं.

अंतराळातून पृथ्वीवर सतत विश्वकिरण आदळतात. त्यातले बरेचसे प्रोटॉनच असतात, आणि काहींची ऊर्जा इतकी प्रचंड असते की वातावरणातल्या अणुकेंद्रावर ते आदळले की एलएचसीतल्यासारखीच, किंवा तिच्याहून मोठी, टक्कर घडते. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये असा एक कण नोंदला गेला, ज्याच्या टकरीपुढे एलएचसीची टक्कर किरकोळ ठरावी. ही माहिती आपल्याला परकी नाही. वातावरणात शिरलेल्या एका कणापासून हजारो कणांचा वर्षाव कसा होतो, याचं गणित होमी भाभा यांनी वॉल्टर हाइट्लर यांच्यासोबत १९३७ मध्ये मांडलं. त्यांनीच मुंबईत उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे, शास्त्रज्ञ आजही उटीच्या डोंगरावर ग्रेप्स-३ या प्रयोगात हे वर्षाव टिपतात. सुरक्षा गटाच्या हिशेबानुसार, एलएचसी आपल्या संपूर्ण आयुष्यात जेवढ्या टकरी घडवेल तेवढ्या निसर्गानं पृथ्वीवर निदान एक लाख वेळा घडवून झाल्या आहेत. पृथ्वी जागच्या जागी आहे.

एवढ्यावर थांबलं तर चाणाक्ष वाचक पुढचा मुद्दा काढेल. विश्वकिरणानं कृष्णविवर घडवलंच तर ते प्रचंड वेगानं पृथ्वी भेदून पार निघून जाईल. एलएचसीत दोन्ही प्रोटॉन समोरासमोरून येतात, म्हणून तिथलं एखादं कृष्णविवर संथ असू शकतं, आणि ते पृथ्वीतच अडकेल. हा आक्षेप अगदी बरोबर आहे. कृष्णविवराला विद्युतभार असेल तर काळजी नाही, कारण विश्वकिरणांनी घडवलेलं तसलं वेगवान कृष्णविवरसुद्धा पृथ्वीतच थांबलं असतं, आणि पृथ्वी तर शाबूत आहे. भार नसेल तर मात्र पृथ्वीचा दाखला अपुरा पडतो. म्हणून स्टीव्हन गिडिंग्ज आणि मिकेलान्जेलो मँगॅनो या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी श्वेत बटू आणि न्यूट्रॉन ताऱ्यांकडे, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या अतिघट्ट गाभ्यांकडे, मोर्चा वळवला. व्याध ताऱ्याचा जोडीदार हा एक श्वेत बटू आहे: सूर्याएवढं वस्तुमान, आकार मात्र पृथ्वीएवढा. इतक्या घट्ट पदार्थातून वेगवान कृष्णविवरही निसटू शकत नाही. अशी कृष्णविवरं धोकादायक असती तर असे तारे केव्हाच गिळले गेले असते. ते कोट्यवधी वर्षं टिकून आहेत.

मला हा युक्तिवाद फार आवडतो, कारण तो ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असं म्हणत नाही. ज्यावर अजून वाद होऊ शकतो असा सिद्धांत बाजूला ठेवूनही तो उभा राहतो. तरी शास्त्रज्ञांची एक सवय इथे नडली. ‘शक्यता जवळजवळ शून्य’ असं ते म्हणत राहिले. त्यांच्या भाषेत याचा अर्थ ‘नाही’. आईबापाच्या कानाला ते ‘थोडी तरी आहे’ असं ऐकू येतं. व्याधाच्या जोडीदाराची गोष्ट आपल्या भाषांमध्ये टीव्हीवर कुणी पाच मिनिटं सांगितली असती तर शून्याच्या आसपासच्या त्या शब्दांची गरजच पडली नसती.

हवाईतल्या अमेरिकी न्यायालयात आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयात हे यंत्र थांबवण्यासाठी लोक गेले. दोन्हीकडे त्यांना तसा आदेश मिळाला नाही. त्याआधी अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या यंत्राबद्दलही १९९९ मध्ये अशीच घबराट झाली होती, आणि तिथे २००० पासून सोन्याची अणुकेंद्रं आदळवून झाली.

खरा अपघात झाला तो १९ सप्टेंबरला, पहिल्या फेरीनंतर नवव्या दिवशी. एलएचसीत प्रोटॉनला वळवत ठेवणारे १,२३२ मोठे चुंबक आहेत, प्रत्येकी १५ मीटर लांब आणि ३५ टनांचे. ते उणे २७१ अंश सेल्सिअसला, म्हणजे अंतराळाहूनही थंड ठेवतात, तेव्हाच त्यांच्या तारांमधून विजेला अजिबात विरोध होत नाही. दोन चुंबकांमधल्या एका जोडाला डाख नीट बसला नव्हता. जवळपास ८,७०० अँपिअर प्रवाह वाहत असताना तो जोड तापला, वितळला, ठिणगी उडाली आणि द्रव हेलियमचं आवरण फुटलं. सुमारे सहा टन हेलियम बोगद्यात सुटला. त्या दाबानं अवजड चुंबक जागचे हलले. ५३ चुंबक वर काढून दुरुस्त करावे किंवा बदलावे लागले. बोगद्यात कुणी नव्हतं, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही, पण काम वर्षभराहून जास्त मागे गेलं. एवढ्या मोठ्या यंत्राचा धोका असा असतो: वीज, दाब, थंडावा आणि एक कच्चा जोड. पूर्ण ताकदीच्या एका झोतात मिळून अर्धा टन तांबं वितळवण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून काही बिनसलं की तीन फेऱ्यांच्या आत तो बाजूच्या बोगद्यातल्या ग्राफाइटच्या ठोकळ्यावर सोडून देण्याची सोय आहे.

आता आशांकडे. ४ जुलै २०१२ ला ॲटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी हिग्ज कण सापडल्याचं जाहीर केलं. त्याचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट. इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांना वस्तुमान मिळतं ते विश्वभर पसरलेल्या हिग्ज क्षेत्रामुळे. आपल्या शरीराचं बहुतेक वजन मात्र हिग्जमुळे नाही. ते प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या पोटातल्या क्वार्क आणि ग्लुऑन या कणांच्या ऊर्जेतून येतं. सीएमएसच्या उभारणीत टीआयएफआरचा वाटा होता आणि चुंबक मिलिमीटरच्याही अंशानं सरकवून बसवणारे सुमारे सात हजार जॅक भारतानं पुरवले. त्याच सीएमएसनं डिसेंबर २०१० मध्ये सूक्ष्म कृष्णविवरांच्या खुणा शोधून पाहिल्या. एकही मिळाली नाही.

शास्त्रज्ञांच्या सगळ्याच आशा फळल्या नाहीत. प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असेल आणि त्यातूनच कृष्णद्रव्याचा, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचा, उलगडा होईल, या कल्पनेवर अनेकांनी आयुष्य घालवलं. ते जोडीदार अद्याप दिसलेले नाहीत. लोकांची आशा वेगळी असते: यातून आम्हाला काय मिळणार? वर्ल्ड वाइड वेब सर्नमध्ये जन्मलं आणि १९९३ मध्ये सर्वांना मोफत खुलं झालं. प्रोटॉन वेगानं फेकण्याच्या तंत्रानं खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संस्थेत आज कर्करोगावर उपचार होतात. पण ही उदाहरणं देऊन एलएचसीचा खर्च वसूल झाला असं म्हणणं मला योग्य वाटत नाही. तो बांधला गेला तो विश्व कशाचं बनलंय हे कळावं म्हणून, आणि हे कारण पुरेसं आहे असं मला मनापासून वाटतं.

अफवा संपलेल्या नाहीत. भारत सरकारनं २००४ मध्ये सर्नला नटराजाची मूर्ती भेट दिली. २०१६ मध्ये तिच्यासमोर कुणीतरी नरबळीचं सोंग चित्रित केलं, आणि त्यावरून अजूनही सर्नबद्दल नाही नाही ते पसरतं. जुलै २०२२ मध्ये यंत्र नव्या ऊर्जेनं सुरू झालं तेव्हा ‘दुसऱ्या जगाचं दार उघडणार’ असे निरोप फिरले.

जिनिव्हाच्या आसपासच्या गावांत मात्र लोक आता वेगळंच विचारतात. सर्नला पुढचा बोगदा हवा आहे, ९१ किलोमीटर घेराचा, सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँकचा. खोदलेली माती कुठे टाकणार, वीज किती लागणार, शेतजमीन किती जाणार, हे ते विचारतात. यांची उत्तरं ताऱ्यांकडे बघून मिळत नाहीत. तमिळनाडूत थेनीजवळच्या डोंगरात न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांचा ५०,००० टन लोखंडाचा शोधक बसवायचा भारताचा प्रकल्प २०१५ मध्ये मंजूर झाला. तिथेही आधी किरणोत्साराची अफवा उठली आणि तिचं खंडन करण्यात बरीच शक्ती गेली. न्यूट्रिनो तर आपल्या अंगातून दर सेकंदाला अब्जावधींनी आरपार जातात, हे वारंवार सांगितलं गेलं, आणि ते खरंच आहे. पण बऱ्याच लोकांचा प्रश्न सुरुंगांचा, जंगलाचा आणि पाण्याचा होता. २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारनं सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पाला परवानगी देणार नसल्याचं सांगितलं, तेही पश्चिम घाटाच्या पर्यावरणाचं कारण देऊन.