आठ विरुद्ध सात: १८७७ चा अमेरिकी निकाल आणि त्या काळाची चित्रे

अमेरिकेत निवडणूक निकालावरून वाद पेटला की १८७६ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचा वाद मिटवायला नेमलेल्या १८७७ च्या आयोगाचे नाव निघतेच. २ जानेवारी २०२१ ला अकरा सिनेटरांनी निवेदन काढून मतांच्या तपासणीसाठी आयोग नेमा अशी मागणी केली, तेव्हाही दाखला याच आयोगाचा दिला गेला. पण त्या आयोगाने वादग्रस्त मतदानाची तपासणी कधी केलीच नव्हती. उलट तशी तपासणी करायची नाही, हाच त्याचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता, आणि तो आठ विरुद्ध सात मतांनी झाला.

हा निर्णय कोणत्या वातावरणात झाला हे नुसत्या कागदपत्रांवरून पुरते कळत नाही. त्या काळाची छायाचित्रे, शिळाछापे आणि साप्ताहिकांतली कोरीव चित्रे आता मोठ्या प्रमाणात ऑनलाइन पाहायला मिळतात. ती पाहताना एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी लागते. १८८० च्या आधी वर्तमानपत्रात छायाचित्र सहसा जसेच्या तसे छापता येत नव्हते. चित्रकार रेखाटन करी, ते लाकडी ठोकळ्यांवर उतरवले जाई, ठोकळ्याचे तुकडे वेगवेगळ्या कारागिरांत वाटून कोरले जात आणि पुन्हा बोल्टने जोडून छपाईला जात. कॅमेऱ्यासमोर माणसाला काही सेकंद निश्चल राहावे लागे. त्यामुळे छायाचित्रांत स्टुडिओत बसलेले सिनेटर, न्यायमूर्ती, सेनानी दिसतात, तर मतदानाची रांग, दंगल आणि सभा दिसतात त्या कोरीव चित्रांत, म्हणजे कोणाच्या तरी नजरेतून.

छायाचित्रावरून केलेल्या छापावरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. लिंकनच्या हत्येनंतर त्याचे उभे, भारदस्त चित्र हवे म्हणून एका छपाईवाल्याने त्याचे डोके जॉन कॅल्हूनच्या जुन्या चित्रातल्या धडावर बसवले. कॅल्हून म्हणजे गुलामगिरीचा सर्वांत बुद्धिमान समर्थक! टेबलावरच्या कागदांवरची राज्यांच्या सार्वभौमत्वाची भाषा खोडून तिथे संघराज्य आणि मुक्तीची घोषणा हे शब्द घातले गेले. पुढे कित्येक वर्षे हे चित्र खरे मानले गेले. गालावरचा तीळ चुकीच्या बाजूला आहे, हे लक्षात आल्यावर चोरी उघड झाली.

गुलामगिरी संपवणाऱ्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धानंतरची पहिली काही वर्षे चित्रांत आशेची आहेत. १६ नोव्हेंबर १८६७ च्या एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दक्षिणेतले कृष्णवर्णीय मतदार रांगेत उभे आहेत. सर्वांत पुढे खिशात हत्यारे असलेला म्हातारा कारागीर, त्याच्यामागे शहरी पोशाखातला माणूस आणि मग गणवेशातला सैनिक. चेहऱ्यांवर गांभीर्य आहे, व्यंग कुठेही नाही. १८७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या एका शिळाछापात काँग्रेसमधले पहिले सात कृष्णवर्णीय सदस्य एकत्र आहेत. मिसिसिपीचा सिनेटर हायरम रेव्हल्स आणि अलाबामा, फ्लोरिडा, जॉर्जिया व दक्षिण कॅरोलिनाचे सहा प्रतिनिधी. यांतले निदान चौघे जन्माने गुलाम होते. घरात भिंतीवर लावण्यासाठी लोक हा छाप विकत घेत.

पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. गुलामांना मुक्त करण्यासाठी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनी दाखवलेल्या निःस्वार्थ वृत्तीबद्दल ते त्यांना अर्पण केलेले आहे. हजारो मैलांवरून जोतीरावांनी जे पाहिले ते खरेच होते. पण ते नेमके कोणत्या क्षणी पाहिले, हेही बघायला हवे. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. बरेचसे लोक शरण आल्यावर मारले गेले. मृतांच्या आकड्याबद्दल आजही एकमत नाही; अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात. महिन्याभरात साप्ताहिकात चित्र आले. त्यात हल्ला नाही, नंतर प्रेते आणि जखमी गोळा करणारी माणसे आहेत.

कोलफॅक्सच्या आरोपींना झालेली शिक्षा टिकली नाही. १८७४ मध्ये फिरतीवर आलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी आरोपपत्रच सदोष ठरवले आणि मार्च १८७६ मध्ये पूर्ण न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. नागरिकांनी नागरिकांवर केलेल्या अत्याचाराचा बंदोबस्त राज्यांनी करावा, केंद्राचा त्यात अधिकार नाही, असा त्याचा मथितार्थ. फिरतीवर आलेले ते न्यायमूर्ती पुढे पुन्हा भेटणार आहेत.

उत्तरेतल्या जनमताला लागलेली ओहोटी पाहायची असेल तर व्यंगचित्रकार थॉमस नास्टची दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत. ऑगस्ट १८६५ मध्ये त्याने एका साप्ताहिकासाठी युद्धात पाय गमावलेला कृष्णवर्णीय सैनिक काढला आणि याला मताधिकार का नाही, असा थेट सवाल केला. मार्च १८७४ मध्ये त्याच साप्ताहिकासाठी त्याच माणसाने दक्षिण कॅरोलिनाचे कृष्णवर्णीय आमदार काढले. सभागृहात एकमेकांवर मुठी उगारणारे, विद्रूप चेहऱ्यांचे, आणि त्यांना दटावणारी गोरी देवता. नास्ट रिपब्लिकन पक्षाचा कट्टर समर्थक होता. त्या पक्षाचे हत्तीचे चिन्ह त्याच्याच चित्राने रूढ केले. त्याच्याच हातून हे चित्र उतरले, म्हणून ते जास्त लागते.

नोव्हेंबर १८७६ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट सॅम्युअल टिल्डनला देशभरात निम्म्याहून अधिक मते पडली. रिपब्लिकन रदरफर्ड हेजवर त्याची सुमारे अडीच लाखांची आघाडी होती. पण राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या, म्हणजे इलेक्टरांच्या मतांनी. अशा ३६९ पैकी १८५ इलेक्टोरल मते हवी होती. टिल्डनकडे १८४, हेजकडे १६५ आणि वादात २०: लुइझियानाची ८, दक्षिण कॅरोलिनाची ७, फ्लोरिडाची ४ आणि ओरेगनचे एक. सरकारी मतपत्रिका तेव्हा नव्हती. प्रत्येक पक्ष आपापल्या मतपत्रिका छापी आणि निरक्षर मतदारांसाठी वर चित्र टाकी. डेमोक्रॅटांनी आपल्या मतपत्रिकांवर लिंकनचे चित्र छापून नवमुक्त मतदारांना फसवले, असा आरोप झाला. दक्षिण कॅरोलिनात पात्र मतदारांहून जास्त मते मोजली गेली. लाल सदरे घातलेल्या बंदूकधारी टोळ्या तिथे डेमोक्रॅटांच्या प्रचारात उघडपणे उतरल्या होत्या. लुइझियानात मोजणी मंडळाचे सगळे सदस्य रिपब्लिकन; त्यांनी दहशतीचे कारण देऊन टिल्डनची हजारो मते रद्द केली आणि राज्य हेजला दिले. या राज्यांतून वॉशिंग्टनला एकाहून अधिक प्रमाणपत्रे गेली.

आता पेच असा, की सिनेटच्या अध्यक्षाने प्रमाणपत्रे उघडावीत आणि ‘मते मोजली जावीत’ एवढेच राज्यघटनेत आहे. कोणी मोजावीत, दोन प्रमाणपत्रांतले कोणते खरे धरावे, याबद्दल ती गप्प. सिनेट रिपब्लिकनांचे, प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांचे. म्हणून जानेवारी १८७७ मध्ये कायदा करून पंधरा जणांचा आयोग नेमला गेला: पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी आणि सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती. सात-सात पक्षाचे आणि पंधरावे अपक्ष मानले जाणारे न्यायमूर्ती येणार, असा हिशेब होता. ऐन वेळी इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांनाच सिनेटवर निवडून दिले. हे डेमोक्रॅटांच्या मतांनी घडले. त्या न्यायमूर्तींनी आयोगावर यायला नकार दिला. त्यांच्या जागी आले ते रिपब्लिकन न्यायमूर्ती, ज्यांनी कोलफॅक्सचे आरोपपत्र मोडीत काढले होते.

फ्लोरिडाच्या सुनावणीत मुख्य प्रश्न एकच होता. राज्याने प्रमाणित केलेल्या निकालामागे जाऊन मतदानात काय घडले याचा पुरावा आयोगाने घ्यावा का? डेमोक्रॅट वकील म्हणाले, फसवणूक झाली असेल तर प्रमाणपत्राला अर्थ काय? रिपब्लिकन वकील म्हणाले, निवडणूक घेणे हा राज्याचा अधिकार. वॉशिंग्टनमधून प्रत्येक गावातली पेटी उघडू लागलो तर नव्या कारकिर्दीच्या दिवसापर्यंत, म्हणजे ४ मार्चपर्यंत, राष्ट्राध्यक्षच मिळणार नाही. आयोगाने आठ विरुद्ध सात मतांनी पुरावा नाकारला. एका इलेक्टरच्या पात्रतेपुरता अपवाद केला, बाकी काही नाही.

मग आले ओरेगन. तिथे एक रिपब्लिकन इलेक्टर पोस्टमास्तर, म्हणजे केंद्र सरकारचा नोकर होता, म्हणून अपात्र. डेमोक्रॅट गव्हर्नरने त्याच्या जागी आपल्या पक्षाच्या माणसाला प्रमाणपत्र दिले. फ्लोरिडात गव्हर्नरची सही असलेल्या कागदामागे न जाणाऱ्या आयोगाने इथे गव्हर्नरची सही बाजूला ठेवली. टीकाकारांचा संताप समजण्यासारखा आहे. आयोगाच्या बाजूने सांगायचे तर दोन्हीकडे राज्याच्या अधिकृत मोजणीचा आकडा हाच आधार धरला होता, आणि कायद्याच्या चौकटीत हे उत्तर टिकतेही. पण दोन्ही वेळा निकाल एकाच पक्षाच्या पारड्यात पडला. वादातली वीसही मते हेजला मिळाली. २ मार्च १८७७ ला पहाटे १८५ विरुद्ध १८४ असा निकाल जाहीर झाला.

माझ्या मते या निर्णयाचे सर्वांत मोठे नुकसान टिल्डनचे झाले नाही. पुराव्याचे दार बंद झाल्यावर मतपत्रिकांची लबाडी जशी बाहेर राहिली, तशी बंदुकीच्या धाकाने न झालेली मतेही बाहेर राहिली. काँग्रेसच्या समित्यांनी दक्षिणेत जाऊन घेतलेल्या साक्षी हजारो पानांत छापलेल्या आहेत. मार खाल्लेल्या, घर जाळले गेलेल्या माणसांचे ते शब्द आहेत. निकाल देणाऱ्या आयोगापुढे ते आलेच नाहीत.

त्या सुनावणीचे भव्य तैलचित्र मात्र आहे. एका चित्रकर्तीने पुढची दोन वर्षे खपून ते पूर्ण केले आणि १८८६ मध्ये काँग्रेसने ते विकत घेतले. बाकावर आयोग, समोर बोलणारा वकील आणि भोवती अडीचशेहून अधिक ओळखता येणारे चेहरे. यांतल्या बऱ्याच लोकांनी चित्रकर्तीच्या स्टुडिओत बैठक दिली. इतरांसाठी छायाचित्रकार मॅथ्यू ब्रॅडीच्या स्टुडिओतली छायाचित्रे कामी आली. म्हणजे हे त्या दिवशीच्या दालनाचे हुबेहूब चित्र नाही, वॉशिंग्टनमधल्या प्रतिष्ठितांची जुळवून केलेली मांडणी आहे. पत्रकार स्त्रिया त्यात आहेत आणि गुलामगिरीतून सुटलेला कृष्णवर्णीय नेता फ्रेडरिक डग्लसही आहे. फ्लोरिडाचा मतदार शोधूनही सापडत नाही.

निकालाआधी, २६ फेब्रुवारीला, वॉशिंग्टनच्या वर्मली हॉटेलात दोन्ही बाजूंची माणसे भेटली. ते हॉटेल एका कृष्णवर्णीय उद्योजकाचे होते. हेजला राष्ट्राध्यक्षपद आणि बदल्यात दक्षिणेतून सैन्य मागे, हा सौदा तिथे ठरला की आधीच ठरलेल्या गोष्टीवर फक्त हात मिळवले गेले, यावर इतिहासकारांचे आजही जुळत नाही. दक्षिणेतले केंद्राचे सैन्य बरेचसे आधीच कमी झाले होते. एप्रिलमध्ये हेजने दक्षिण कॅरोलिना आणि लुइझियानाच्या विधिमंडळांभोवतीचे सैनिक बराकीत परत पाठवले आणि तिथली रिपब्लिकन सरकारे कोसळली. उत्तरेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी याला समेट म्हटले. समेट गोऱ्यांचा गोऱ्यांशी होता.

पुढचा उतार सलग आहे. १८९० मध्ये मिसिसिपीने आणि १८९५ मध्ये दक्षिण कॅरोलिनाने नव्या राज्यघटना करून साक्षरतेच्या अटींसारखे अडथळे मतदाराच्या वाटेत घातले. १९०१ मध्ये शेवटचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमधून बाहेर पडला. त्यानंतरचा आला १९२९ मध्ये, तोही उत्तरेतल्या शिकागोहून.

मोजणीच्या पेचावर काँग्रेसने १८८७ मध्ये कायदा केला, पण तो इतका क्लिष्ट होता की जानेवारी २०२१ मध्ये त्याचाच आधार घेऊन निकालाला आव्हान दिले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये तो सुधारला. आता सिनेटचा अध्यक्ष म्हणून उपराष्ट्राध्यक्षाची भूमिका निव्वळ औपचारिक आहे आणि आक्षेपासाठी दोन्ही सभागृहांच्या प्रत्येकी एकपंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. मतदाराला मतापासून रोखले गेले असेल तर त्याची दाद या कायद्यात नाही. ती १९६५ च्या मताधिकार कायद्याखाली मागावी लागते, आणि मतदानाचे नियम बदलण्याआधी ठरावीक राज्यांनी केंद्राची मंजुरी घ्यावी ही त्या कायद्यातली तरतूद २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्प्रभ केली. तो निकाल पाच विरुद्ध चार मतांनी झाला.