‘नोटिस’ : कळवण्यापासून कळण्यापर्यंत

इंग्रजीतल्या ‘नोटिस’ या क्रियापदाचा आजचा अर्थ लक्षात येणे, नजरेस पडणे. पंधराव्या शतकात ते वापरात आलं तेव्हा मात्र त्याचा अर्थ होता कळवणे, सूचना देणे. म्हणजे आधी ते सांगणाऱ्याचं क्रियापद होतं, पुढे ज्याला उमगतं त्याचं झालं. मराठीत ‘कळवणे’ आणि ‘कळणे’ यांत निदान एका अक्षराचा फरक आहे. इंग्रजीत शब्द तोच राहिला.

त्याचं मूळ लॅटिन ‘नोटिटिया’, म्हणजे ओळख, माहिती. फ्रेंचमार्गे ते नाम इंग्रजीत आलं. त्याच्याही मागे जाणण्याचा धातू आहे, ‘नोस्केरे’, जुन्या रूपात ‘ग्नोस्केरे’. त्यातला ‘ग्न’ आपल्याला परका नाही. संस्कृत ‘ज्ञा’ हा त्याच इंडो-युरोपीय मुळाचा, त्यामुळे ज्ञान, जाणणे, जाणीव हे सगळे ‘नोटिस’चे दूरचे नातलग. ‘इग्नोर’ही याच कुळातला. त्याचा मूळ अर्थ नुसता ‘न जाणणे’. जाणूनबुजून दुर्लक्ष करणे हा अर्थ नंतरचा. आपल्याकडे लक्ष आणि दुर्लक्ष एकाच शब्दातून निघाले, तसंच हे.

सतराव्या शतकात ‘नोटिस’ला ‘बोलून दाखवणे, उल्लेख करणे’ असा अर्थ मिळाला. बाकी अर्थांपेक्षा मला हा मधला मुक्काम महत्त्वाचा वाटतो. एखादी गोष्ट बोलून दाखवायची तर आधी ती आपल्या ध्यानात आलेली असावी लागते. बोलणं गळून पडलं आणि ध्यानात येणं उरलं, असं झालं असावं. अठराव्या शतकाच्या मध्याला हा आजचा अर्थ लेखनात दिसू लागतो.

तो सहजासहजी स्वीकारला गेला नाही. इंग्लंडमध्ये हे क्रियापद अमेरिकी, कधी स्कॉटिश म्हणून नाकारलं जाई. गंमत अशी की अमेरिकेतही ते खुपत होतं. २६ डिसेंबर १७८९ रोजी ८३ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी कोशकार नोआ वेब्स्टर यांना पत्र लिहिलं. आपण फ्रान्समध्ये असताना इकडे सभागृहातल्या भाषणांत नवे शब्द शिरले, अशी त्यांची तक्रार होती, आणि पहिलंच उदाहरण होतं ‘नोटिस’ या नामाचं केलेलं क्रियापद. आपला अधिकार वापरून अशा शब्दांचा निषेध करा, अशी त्यांची विनंती. पुढच्या एप्रिलमध्ये फ्रँकलिन गेले. वेब्स्टर यांच्या १८२८च्या कोशात मात्र हे क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ दिला आहे पाहणे, लक्षात घेणे.

मराठीत हा शब्द दोनदा आला. आधी कोर्टकचेरीतून ‘नोटीस’ आली. ती बजावतात, चिकटवतात, तिला उत्तर द्यावं लागतं. जुना, कळवण्याचा अर्थ तिच्यात शाबूत आहे. अलीकडे बोलण्यात ‘मी ते नोटिस केलं’ रुळलं, तो दुसरा अर्थ. त्यावर नाकं मुरडली जातात, आणि ती कुरकुर फ्रँकलिन यांच्या जातकुळीतलीच. पण ‘माझ्या लक्षात आलं’ म्हणताना गोष्ट आपणहून माझ्याकडे येते, मी फक्त तिची जागा. ‘मी नोटिस केलं’ यात कर्ता मी आहे. ‘टिपलं’ किंवा ‘हेरलं’ म्हटलं तरी कर्ता मीच राहतो, शिवाय नजरेची धारही येते. हे दोन शब्द बोलण्यात आणखी यावेत असं मला मनापासून वाटतं.