कळ थांबली, पण किती वर्षांसाठी?

ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या पाचव्या मज्जातंतूचे दुखणे. त्याची कळ विजेच्या झटक्यासारखी येते आणि काही सेकंदांत जाते. दात घासताना, घास चावताना, कधी नुसता वारा गालाला लागला तरी. दुखणे दातांचेच वाटल्यामुळे चांगल्या दाढा काढून घेतलेले रुग्ण कमी नाहीत. पुढे कार्बामाझेपीनच्या गोळ्या सुरू होतात. सुरुवातीला बहुतेकांना आराम पडतो, पण डोस वाढला की गुंगी येते, तोल जातो, रक्तातले सोडियम उतरते. मग ऑपरेशनचा विषय निघतो.

पाचव्या मज्जातंतूचे मूळ मेंदूच्या खोडाशी जिथे जोडलेले असते, तिथे अनेक रुग्णांत एखादी रक्तवाहिनी टेकलेली आढळते. तिच्या सततच्या दाबाने तंतूवरचे आवरण झिजते आणि साध्या स्पर्शानेही कळ उठते. मेंदूचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३०च्या दशकातच ही रक्तवाहिनी पाहिली होती. सूक्ष्मदर्शकाखाली ती बाजूला सारून मध्ये टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा तुकडा ठेवायचे ऑपरेशन रूढ केले अमेरिकन शल्यविशारद पीटर जॅनेटा यांनी. यात तंतू कापला जात नाही, जाळलाही जात नाही.

पिट्सबर्गमधल्या त्यांच्या १,१८५ रुग्णांचा अहवाल १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. दहा वर्षांनी ७० टक्के रुग्ण गोळ्यांशिवाय वेदनामुक्त होते. हा आकडा जरा सावकाश वाचावा, कारण त्यात दुसऱ्यांदा ऑपरेशन करावे लागलेलेही धरले आहेत. सुमारे ३० टक्के जणांचे दुखणे उलटले, त्यातले बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच. पाच वर्षांनंतर दुखणे उलटण्याचे प्रमाण वर्षाला दोन टक्क्यांच्या आत आले, दहा वर्षांनंतर एकाच्याही आत. म्हणजे पहिली दोन वर्षे निभावली की बराचसा धोका मागे पडतो. ज्यांचे दुखणे आठ वर्षांहून जुने होते, किंवा रोहिणीऐवजी नीला दाबत होती, त्यांचे निकाल कमी टिकाऊ निघाले. कवटी उघडण्याची किंमतही नोंदलेली आहे: दोन मृत्यू, आणि सुमारे एक टक्का रुग्णांना त्या बाजूच्या कानाने ऐकू येईनासे झाले.

दुसरी वाट गालातून सुई घालण्याची. सुईवाटे तंतूला उष्णता देतात, फुग्याने दाबतात किंवा ग्लिसरॉल सोडतात. (ग्लिसरॉलचा गुण स्वीडनमध्ये योगायोगाने कळला; ते नुसते टँटॅलम या धातूची भुकटी आत नेण्यासाठी वापरले जात होते!) उष्णतेच्या उपचाराचा अंकारा इथला अहवाल १,६०० रुग्णांचा आहे. एकदाच उपचार घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ५८ टक्के आणि वीस वर्षांनी ४१ टक्के वेदनामुक्त राहिले. बदल्यात गाल बधिर होतो. कधी डोळ्याच्या बुबुळाची जाणीव जाते, आणि ते धोक्याचे. तंतूवर बाहेरून किरणांचा मारा करणाऱ्या गॅमा नाइफला तर सुईही लागत नाही, पण आराम पडायला बहुधा काही आठवडे जातात.

हे आकडे शेजारी ठेवून विजेता ठरवू नये. सुईचा उपचार बहुधा वयस्क, भूल न झेपणाऱ्या रुग्णांना देतात, आणि ‘आराम’ म्हणजे काय हेही प्रत्येक अहवालात वेगळे असते. तरी प्रकृती धडधाकट असेल आणि एमआरआयमध्ये रक्तवाहिनीचा दाब स्पष्ट दिसत असेल, तर माझा कौल आधी जॅनेटांच्या ऑपरेशनलाच. पिट्सबर्गच्या रुग्णांत ज्यांचा तंतू आधी उष्णतेने भाजला होता, त्यांच्याही कळा ऑपरेशनने तितक्याच थांबल्या, पण चेहऱ्याची आग होण्याची तक्रार त्यांच्यात अधिक राहिली.