मागील पानावरून पुढे

दिवाळीच्या सुट्टीत भाचा कोथरूडला माझ्याकडे राहायला आला आणि माझ्या जुन्या पीसीवर त्याने 'असॅसिन्स क्रीड युनिटी' हा पॅरिसमध्ये घडणारा व्हिडिओ गेम लावला. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या नोत्र-दाम कॅथेड्रलला आग लागली, तेव्हा गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने तो आठवडाभर फुकट वाटला होता. तेव्हा घेतलेला, नुसता पडून होता. पोराने मॅप उघडला. पेट्या, दुकानं, खुनांचे तपास, साइड मिशन्स, सगळी चिन्हं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली. थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आत्या, यात पॅरिस कुठंय?"

मोठ्या कंपन्यांच्या ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगात हवं तिथे हिंडायच्या, गेमवरचे रिव्ह्यू गेली दहा-बारा वर्षं फिरून फिरून हेच म्हणतायत. मॅप भलामोठा, कामं तीच ती, गेल्या वर्षीच्या गेमवर नवं रंगकाम. एव्हाना ही तक्रारच छापातल्या गणपतीसारखी झालीय. पण साचा कुठून आला हे बघायला गेलं तर गंमत वाटते. तो आळसातून आलेला नाही. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांचं ऐकता ऐकता तयार झालाय.

हा साचा येण्याआधी मोकळं शहर म्हणजे 'जीटीए' ('ग्रँड थेफ्ट ऑटो') ही गेमची मालिका. २००१ साली तिसरा भाग आला, पुढच्या वर्षी 'व्हाइस सिटी'. आमच्या सदाशिव पेठेतल्या सायबर कॅफेत मिशन क्वचितच कुणी पुरी करायचं. कीबोर्डवर 'पँझर' टाइप करायचं, रणगाडा आला की तास संपेपर्यंत गावभर धिंगाणा. शहर मोकळं आहे, एवढ्यावरच सगळे खूश होते.

मग २००७ साली पहिला 'असॅसिन्स क्रीड' आला. त्याचं मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त. २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'नंतर युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओत त्याच मालिकेचा पुढचा गेम म्हणून काम सुरू झालं आणि त्यातून वेगळाच गेम निघाला. उंच मनोऱ्यावर चढायचं, वरून शहर न्याहाळायचं, की खालचा मॅप उघडतो. पर्वतीच्या पायऱ्या चढून वर गेलं की आपलं घर कुठल्या बाजूला ते आपण शोधतो ना, तसं. ही कल्पना तेव्हा सगळ्यांना आवडली होती, हे आज लक्षात ठेवावं लागतं. नावं ठेवली गेली ती दुसऱ्याच गोष्टीला. नऊ जणांना मारायचं आणि प्रत्येकाआधी तोच तपास: चोरून ऐका, खिसा कापा, धरून बडवा. म्हणजे 'तेच ते' हा शेरा मालिकेला पहिल्याच दिवशी मिळाला होता. शिवाय गावभर विखुरलेले ४२० झेंडे. ते गोळा करून हाती काय लागायचं, तर काही नाही. (आकडाही बघा काय निवडलाय!)

२००९ च्या दुसऱ्या भागात कंपनीने हे मनावर घेतलं. थडगी, कोडी, पिसं, शर्यती, दुरुस्त करायची अख्खी हवेली. एकसुरी म्हणता? घ्या विविधता. रिव्ह्यू उत्तम आले आणि धडा पक्का झाला: तक्रार आली की भर घाला. पुढच्या वर्षी रोम, त्यापुढच्या वर्षी इस्तंबूल, दर वर्षी एक गेम. २०१२ च्या 'फार क्राय ३' मध्ये मनोऱ्याचा रेडिओ टॉवर झाला आणि जोडीला शत्रूचे तळ आले. 'वॉच डॉग्स'मध्येही टॉवर आले. बाकीच्या कंपन्यांनीही कित्ता गिरवला. 'शॅडो ऑफ मॉर्डोर' आणि 'मॅड मॅक्स' खेळलेल्यांना वेगळं सांगायला नको.

हे इतकं पसरलं त्याला कामाची पद्धतही कारणीभूत आहे. 'युनिटी'वर दहा स्टुडिओ राबत होते. इतक्या ठिकाणी काम वाटायचं तर एकाचं दुसऱ्यावाचून अडता कामा नये. कथेतला एक प्रसंग बदलला की दहा गोष्टी हलतात. तळ किंवा पेटी मात्र कुठेही बनवा, मॅपवर कुठेही ठेवा, कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून त्यांचीच भरती होते. रिव्ह्यू लिहिणाऱ्याचीही अडचण असते. विकत घेणारा हा गेम दोन महिने, रोज जेवणानंतर तासभर खेळणार. रिव्ह्यूवाल्याला तो आठवड्याभरात उरकायचा. पन्नासावी पेटी उघडताना डोकं फिरणारच.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सगळं एकदम फुटलं. अमेरिकेत 'युनिटी' मध्यरात्री विक्रीला आला आणि रिव्ह्यू छापायची मुभा दुपारी बारानंतर. लोकांनी तोवर पैसे मोजलेले. पात्रांचे चेहरे गायब, नुसते डोळे नि दात तरंगतायत, असे फोटो जगभर फिरले. काही पेट्या तर मोबाइलवरचं वेगळं ॲप घेतल्याशिवाय उघडत नव्हत्या. कंपनीने माफी मागितली, याच गेमची 'डेड किंग्ज' ही पुरवणी फुकट दिली. गंमत म्हणजे २०१९ च्या आगीनंतर याच गेमवर स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात कौतुकाचा पाऊस पडला.

२०१६ ला मालिकेने सुट्टी घेतली. मार्च २०१७ मध्ये निन्टेंडोचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला. त्यातही टॉवर आहेतच, पण वर चढल्यावर फक्त भूगोल दिसतो. कुठे काय आहे ते स्वतः बघायचं, खूण स्वतः करायची. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांच्या हाती मोजपट्टी आली. २०२२ च्या 'एल्डन रिंग'ने ती आणखी ताठ केली.

युबिसॉफ्टने तेही ऐकलं. २०१८ च्या 'फार क्राय ५' मध्ये सुरुवातीलाच एक पात्र सांगून टाकतं की तुला टॉवर चढत हिंडवणार नाही. त्याच वर्षीच्या 'असॅसिन्स क्रीड ऑडिसी'त मॅपवरच्या खुणा लपवायची सोय आली, पण गेम अवाढव्य, आणि लेव्हल लवकर वाढवायचा बूस्ट वेगळे पैसे देऊन विकायला. खेळ लांबवायचा आणि तो आखूड करायचे पैसे मागायचे, हे मला आजही पटत नाही. मग लांबीवर बोंब झाली, म्हणून त्याच मालिकेतला २०२३ चा 'मिराज' छोटा. त्यावर काहींना तो फारच जुन्या वळणाचा वाटला. सुनेने कसंही वागलं तरी सासू नावं ठेवणार, त्यातली गत.

या कथेत पुणंही आहे. २००८ साली युबिसॉफ्टने गेमलॉफ्टचा इथला स्टुडिओ घेतला. 'जस्ट डान्स'सारख्या गेमवर इथे काम झालं. सप्टेंबर २०२० मध्ये 'सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करताहेत असं जाहीर झालं, तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. ट्रेलरमधलं ग्राफिक्स जुनाट म्हणून लोकांनी झोडपलं, तारखा पुढे गेल्या, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला परत गेलं. ज्या गेममधून हा सगळा वंशविस्तार झाला, तोच आपल्या गावात येऊन परत गेला. ट्रेलर मलाही आवडला नव्हता. तरी वाईट वाटलंच.

भाच्याला यातलं काही सांगितलं नाही. त्याने मॅप बंद केला, पुस्तकातल्या चित्रावरून नोत्र-दाम ओळखलं आणि भिंतीला धरून चढायला लागला. दोनदा पडला. तिसऱ्यांदा टोकावर पोचला, तेव्हा शहरावर ऊन पडलं होतं आणि नदी चकाकत होती. "हे बघ, हे बघ," म्हणत त्याने मला स्वयंपाकघरातून ओढून आणलं. मग त्याने सिंक्रोनाइजचं, म्हणजे वरून मॅप उघडायचं, बटण दाबलं, कॅमेरा त्याच्याभोवती एक घिरटी घालून आला आणि मॅपवर आणखी ढीगभर चिन्हं उगवली.