एक इंजिन, हजार साचे आणि संघटनेची ताकद

जुन्या कापड गिरणीत इंजिन एकच असायचं. बॉयलरमध्ये कोळसा जळायचा, वाफेच्या जोरावर अवाढव्य चाक फिरायचं, चाकावरून निघालेले जाड दोर प्रत्येक मजल्यावरचा लांबलचक शाफ्ट फिरवायचे आणि शाफ्टवरून उतरलेले पट्टे एकेका यंत्राला गती द्यायचे. कापूस पिंजणारं कार्डिंग, सूत कातणारं त्रासन खातं, कापड विणणारे साचे, सगळ्यांची ताकद एकाच ठिकाणाहून यायची. मुंबईतलं मोठं भांडवल आणि मुंबईतली मोठी कामगार संघटना, या दोन्हींचं मूळ मला या रचनेत दिसतं. त्यांचा इतिहास आपण बहुतेक वेळा शेठजींच्या आणि पुढाऱ्यांच्या नावांनी सांगतो. ती माणसं मोठी होतीच. पण ज्या यंत्रणेशी त्यांची गाठ होती ती समजून घेतली, की त्यांचं काम अधिक चांगलं कळतं.

आधी भांडवलाकडे पाहू. वाफेचं इंजिन लहान बांधून परवडत नाही. आकार लहान केला की आतल्या वाफेच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग जास्त होतो, उष्णता वाया जाते आणि त्याच कोळशात काम कमी होतं. म्हणून इंजिन मोठं हवं. इंजिन मोठं असेल तर त्याला पुरेशी यंत्रं जोडायला हवीत, आणि यंत्रं तर सगळी इंग्लंडहून यायची, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून. एवढा पैसा एका पेढीने काढणं अवघड होतं. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं तेव्हा त्यांनी भागभांडवलाची कंपनीच उभी केली. गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. मग अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, इंग्लंडमधल्या लँकेशायर या कापडगिरण्यांच्या परगण्याला अमेरिकेचा कापूस मिळेना, आपल्याकडच्या कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती अफाट पैसा आला. युद्ध संपताच सट्टा कोसळला, कित्येक जण बुडाले. जो पैसा तगला त्यातला बराचसा पुढे गिरण्यांत गेला. १८७५ साली मालकांनी आपला संघही स्थापन केला. कामगारांच्या पहिल्या संघटनेच्या नऊ वर्षं आधी मालक संघटित झाले होते, हे विसरू नये.

कंपनी भागधारकांची असली तरी कारभार ‘मॅनेजिंग एजंट’ म्हणून एखादी पेढी बघायची, आणि सुरुवातीच्या काळात या पेढीला नफ्यावर नव्हे तर उत्पादनावर कमिशन मिळायचं: एक पौंड सुतामागे पाव आणा. सूत विकलं जावो, पडून राहो किंवा तोट्यात जावो, एजंटाचा पाव आणा सुटत नव्हता. अशा व्यवस्थेत गिरणी जास्तीत जास्त तास चालू ठेवणं हाच त्याचा फायदा. सूर्य उगवला की यंत्रं सुरू, मावळला की बंद. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून थोडी सुटका, उन्हाळ्यात तेरा तासांच्या पुढे काम. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याची ही मर्यादाही गेली. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. गिरणगावच्या आयुष्यातला हा सगळ्यात क्रूर तांत्रिक बदल असावा. प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने.

ही यंत्रं चालवणारी माणसं कोकणातून, विशेषतः रत्नागिरीतून, आणि साताऱ्या-कोल्हापूरकडून येत. त्यांना कामावर घेणारा माणूस मालक नव्हता, जॉबर होता. खात्यात कोणाला लावायचं, कोणाला ‘बदली’ म्हणून दारात उभं ठेवायचं, कोणाला काढायचं, हे तो ठरवायचा आणि त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे दलाली, घ्यायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. खोली मिळवून देणं, खाणावळीत उधारी लावून देणं, अडीनडीला कर्ज देणं हेही बहुतेक वेळा त्याच्याच हातात. त्यातच पगार महिना संपल्यावर कित्येक दिवसांनी व्हायचा. मधल्या काळात घर उधारीवर चालायचं, आणि काम सोडलं तर अडकलेला पगार बुडायची भीती. अशा माणसाने संप करायचा तो कशाच्या जोरावर?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला. ते सत्यशोधक समाजाचे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. आज साध्या वाटणाऱ्या या मागण्यांना तेव्हा दोन बाजूंनी विरोध होता. मालक तर विरोधात होतेच. पण कामाच्या तासांवर बंधन घालणारा कारखाने कायदा म्हणजे आपल्या गिरण्यांना लंगडं करायचा लँकेशायरचा डाव आहे, असं राष्ट्रवादी वृत्तपत्रंही म्हणत होती. लँकेशायरचा स्वार्थ खरा होता. पण चौदा तास उभं राहणाऱ्या बाईचे पाय दुखत होते हेही तितकंच खरं होतं, आणि लोखंड्यांनी त्या दुखण्याची बाजू घेतली. १० जून १८९० रोजी मालकसंघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९७ मध्ये प्लेगने लोखंडे गेले.

त्यानंतरच्या तीस वर्षांत संप बरेच झाले, टिकाऊ संघटना मात्र उभी राहिली नाही. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. १९१९ च्या जानेवारीत महागाईने पिचलेले लाखाहून अधिक कामगार बाहेर पडले. १९२० मध्ये मुंबईतच लाला लजपत राय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक या देशव्यापी कामगार महासंघाची स्थापना झाली, आणि १९२६ च्या कायद्याने कामगार संघटनेला कायदेशीर अस्तित्व मिळालं.

गिरणीच्या रचनेत दडलेली ताकद पुरती दिसली ती १९२८ मध्ये. जपानी मालाच्या स्पर्धेने मालक हैराण होते. त्यांनी उपाय काढला: विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, कातणाऱ्याने यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू. धावपळ वाढणार आणि माणसं कमी होणार, हे कोणालाही कळत होतं. आता तो शाफ्ट आठवा. हातमागावरचा विणकर थांबला तर त्याचा एक माग थांबतो. गिरणीत साचे थांबले की सुताच्या कांड्या साचत जातात. कार्डिंग थांबलं की त्रासन खात्याला पेळू, म्हणजे कातायची कापसाची वात, मिळत नाही. आणि उरलेल्या थोड्या यंत्रांसाठी मोठं इंजिन चालवणं म्हणजे कोळसा फुकट जाळणं. एका खात्याने अंग काढून घेतलं की सगळी गिरणी थंड. यंत्रं थांबली तरी गुंतलेलं भांडवल तसंच अडकून राहतं आणि त्यावरचं व्याज चालूच असतं.

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ दीड लाख कामगार संपावर होते. संप चालू असतानाच, मे महिन्यात, गिरणी कामगार युनियन म्हणजे लाल बावटा स्थापन झाली. श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर यांच्यासारखे कम्युनिस्ट आणि आळवे, कासले यांच्यासारखे थेट गिरणीतून आलेले कामगार एकत्र आले. सहा महिने चूल कशी पेटली? संप समितीने धान्य वाटलं, पण मोठा आधार गावाचा होता. असंख्य कामगार कोकणात परतले आणि पावसाळ्यात शेतावर राबले. मालक ज्या गावाला कामगाराच्या अस्थिरपणाचं कारण मानत, त्याच गावाने संप तगवला. कर्जाच्या आणि खोलीच्या ओझ्याखाली वाकवणारी चाळही आता उलट्या दिशेने काम करू लागली, कारण एका नाक्यावर एक माणूस बोलला की वाडीभर बातमी पोचायची. वर्षाअखेरीस युनियनचे पन्नास हजारांहून अधिक सभासद झाले आणि गिरणीगणिक कामगारांच्या समित्या बनल्या. सरकारने मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात प्रमुख पुढाऱ्यांना पकडलं.

या एकीत एक खोल भेग होती आणि तिचंही मूळ यंत्रात सापडतं. धोट्यात, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या शटलमध्ये, नवी कांडी घातली की सुताचं टोक त्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचा खात्यात येऊ देत नव्हते. जास्त पगाराचं काम हेच, आणि तिथलेच दरवाजे बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे आणि संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगार म्हणून एक व्हा म्हणणाऱ्यांनी हे बंद दार आधी उघडायला हवं होतं; ते त्यांनी जोर लावून उघडलं नाही, आणि संघटनेला त्याची किंमत मोजावी लागली. तरीही ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्कावर बंधनं घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध, आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला.

१९४६ च्या कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मानलं आणि वाटाघाटीचा हक्क तिच्याकडे गेला. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नाही तरी तिला हलवणं अवघड. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यामागे हाही राग होता. पण तोवर यंत्र बदललं होतं. प्रत्येक साच्याला स्वतःची विजेची मोटर बसवता येत होती, त्यामुळे मोठ्या इंजिनाची आणि हजार साचे एका छपराखाली ठेवण्याची गरज संपली होती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या छोट्या शेडमध्ये चार-आठ यंत्रमाग खडखडत होते. व्यापारी सूत द्यायचा, विणाईचे पैसे मोजायचा आणि कापड घेऊन जायचा. गिरण्या बंद असतानाही बाजारात कापड येत राहिलं. १९२८ चं हत्यार १९८२ मध्ये बोथट झालं यामागे इतर कारणांबरोबर हेही एक मोठं कारण होतं.

छोट्या शेडमधल्या कामगाराला कारखाने कायदा लागू होतो की नाही, हे तिथे किती माणसं आहेत यावर ठरतं. विजेवर किंवा वाफेवर चालणाऱ्या जागेला कारखाना केव्हा मानायचं? १८८१ च्या कायद्यात किमान १०० माणसं लागत, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २० आणि १९४८ मध्ये १०. प्रत्येक पायरी खाली आणायला कामगार चळवळीचा रेटा लागला होता. २०२० च्या नव्या कामगार संहितेत ही संख्या पुन्हा २० झाली आहे.